माझी थरथर आणि दातवाल्यांचा हात

मी एक मोटारसायकल बोलतेय. दोन सिलिंडरची, बऱ्यापैकी चाललेली, आणि सध्या पोहण्याच्या तलावामागच्या पत्र्याच्या शेडखाली उभी असलेली. माझ्या उजव्या आरशावर कुणीतरी ओला टॉवेल वाळत घातला आहे. माझी तक्रार नाही. टॉवेल वाळला की नेतात, आणि तोवर मला सावली मिळते.

माझ्या जातीच्या गाड्यांना 'नेकेड' म्हणतात. अंगावर प्लॅस्टिकचं कवच नाही. इंजिन, नळ्या, तारा, सगळं चारचौघांसमोर. मला त्यात लाजण्यासारखं कधी काही वाटलं नाही. उलट बरंच आहे. कुठे तेल पाझरलं तर येणाराजाणारा बोट दाखवून सांगतो. माणसांचं तसं नसतं. ती अंगभर कपडे घालून, वर हसून, आतलं आत ठेवून हिंडतात. हे मला फार उशिरा कळलं, आणि कळायला एका माणसाचा हात जायची वेळ आली.

पण आधी माझ्या जन्माचं सांगते. कारखान्यात माझ्या अंगावर किती हात फिरले ते मला सांगता येणार नाही. लक्षात आहे ती एकच बाई. माझं इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा ती मान कलती करून माझा आवाज ऐकत उभी राहिली. मग तिनं माझ्या दोन्ही मुठींवर हात ठेवले, थरथर अजमावली, 'ठीक' अशी मान हलवली आणि पुढच्या गाडीकडे वळली. ही थरथर मला जन्माची आहे. माझ्या पोटात दोनच दट्टे, म्हणजे पिस्टन. त्यांचे धक्के एकमेकांत पुरते विरत नाहीत, उरलेले हँडलपर्यंत पोचतात. चार दट्टे असते तर विरले असते. पण त्या बाईनं माझी थरथर 'ठीक' ठरवली होती, आणि मी ते प्रमाणपत्र मानून रस्त्यावर आले.

मला घेतलं दातवाल्यांनी. दातवाले म्हणजे दाताचे डॉक्टर नव्हेत. डॉक्टर दात काढतात. हे नवे बनवतात. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांच्या तोंडात त्यांच्या हातची कवळी आहे. त्यांची कार्यशाळा रस्त्याला लागून, समोर मोठी काच, आणि काचेबाहेर मी उभी. दिवसभर मला दुसरा उद्योग नसायचा, त्यामुळे त्यांचं काम मी जितकं पाहिलंय तितकं त्यांच्या बायकोनंही पाहिलेलं नाही.

काम करताना ते टेबलावर वाकत, उजवं कोपर टेबलाच्या काठावर रोवत आणि हातात पेनाएवढं एक फिरतं यंत्र धरत. ते यंत्र गूं गूं करत कवळीचा उंचवटा घासायचं. सकाळी रोवलेलं कोपर जेवायच्या वेळी उठायचं, आणि जेवण झालं की परत त्याच जागी बसायचं. लाकडाला तिथे खळगा पडला होता. त्या खळग्याचा त्यांना अभिमान होता, आल्यागेल्याला दाखवायचे.

त्यांची आणखी एक खोड होती. कवळी करायला आलेल्या प्रत्येकाकडून ते एक जुना हसरा फोटो मागून घेत. फोटो बघून एखादा दात किंचित तिरका बसवत, कुठे बारीकशी फट ठेवत. सगळे दात सरळ रांगेत बसवले तर माणूस दुसराच कुणीतरी दिसतो, असं त्यांचं म्हणणं. एकदा एक आजोबा नवी कवळी घालून बाहेर आले आणि माझ्या आरशात बघून हसले. मग पुन्हा हसले. मला पुढे जायची घाई नव्हती, म्हणून तेही बराच वेळ तिथेच राहिले.

दातवाल्यांच्या बायकोला मी वहिनी म्हणते, कारण माझा मेकॅनिक त्यांना वहिनी म्हणायचा आणि तो शब्द माझ्या कानी पडला. वहिनी औषधांच्या दुकानात काम करतात. बोलणं कमी, बघणं जास्त. दातवाल्यांना धाकटी बहीण आहे, ती तलावावर पोहायला शिकवते. तिला सगळे मास्तरीण म्हणतात. ती गाडी शिकली माझ्यावरच. पहिल्याच दिवशी मला घेऊन कुंपणात घुसली, आणि उठून आधी मला उभी केली, मग स्वतःचा गुडघा बघितला. तेव्हापासून आमचं जमतं.

अशी आमची चांगली वर्षं गेली. सुट्टीच्या दिवशी दातवाले आणि वहिनी मला घेऊन गावाबाहेर जात. मागे वहिनी, डबा त्यांच्या मांडीवर. ती वर्षं सुखाची होती, हे मी आता सांगते. तेव्हा मला वाटायचं, सगळ्याच गाड्यांचं असंच असतं.

मग एके दिवशी सिग्नलला थांबलो असताना दातवाल्यांनी उजवा हात मुठीवरून काढला आणि झटकला. दुसऱ्या दिवशीही झटकला. मग ते रोजचंच झालं. करंगळीला आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येत होत्या. त्यांनी घरी जाहीर करून टाकलं, "गाडी फार थरथरते. हात बधिर होतो."

झालं. आरोप ठेवून ते मोकळे झाले, आणि घरानं तो मान्यही केला. माझ्या मुठींवर मऊ रबर चढलं. हँडलच्या टोकांना वजनं बसली. दातवाल्यांनी जाड हातमोजे आणले. मेकॅनिकनं इंजिन उघडून पुन्हा लावलं आणि सांगितलं की गाडीला काही झालेलं नाही, थरथर होती तेवढीच आहे. दातवाल्यांनी नवा मेकॅनिक शोधला.

मला एकच गोष्ट कळत नव्हती. थरथर माझ्या दोन्ही मुठींत सारखीच येते; डावीला कमी आणि उजवीला जास्त असा दुजाभाव मी कधी केला नाही. मग डावा हात ठणठणीत आणि उजवाच बधिर, हे कसं? हा प्रश्न मला पडला. पण गाडीला प्रश्न पडला तरी तो विचारायचा कुणाला?

वहिनी त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेल्या, पण आत ते एकटेच गेले. ते बाहेर आल्यावर माझ्यापाशीच उभ्या राहून वहिनींनी विचारलं, डॉक्टर काय म्हणाले. गाडी कमी चालवा म्हणाले, दातवाल्यांनी सांगितलं. कामाचं काही विचारलं नाही का, असं वहिनींनी विचारल्यावर ते हेल्मेटच्या पट्ट्याशी खटपट करत म्हणाले, विचारलं, मी म्हटलं बैठं काम आहे. वहिनी त्यांच्याकडे बघत राहिल्या आणि मग मागे बसल्या.

त्याच सुमारास एक आजी कवळी घेऊन परत आल्या. बोलताना खटखट वाजते म्हणाल्या, नातवंडं हसतात. दातवाल्यांच्या हातची कवळी परत आलेली मी प्रथमच पाहिली. त्यांनी ती पुन्हा घासली, ती पुन्हा परत आली. काचेतून मला दिसत होतं, यंत्र त्यांच्या हातात नीट ठरत नव्हतं. ते थांबायचे, डाव्या हातानं उजवा चोळायचे आणि मान वर करून बाहेर बघायचे. बाहेर मीच उभी असे. त्या नजरेत राग होता, आणि तो माझ्यावर होता. मला वाईट वाटलं, ते खोटं कशाला बोलू?

त्यानंतर ते शोरूममध्ये गेले. गेले माझ्यावरूनच, आणि मला दारात काचेसमोर लावलं. आत ती उभी होती. चार सिलिंडरची, निमुळती, अंगभर चकचकीत कवच, हँडल खाली, सीटची शेपटी वर. दातवाल्यांना तिच्यावरून एक चक्कर मारून यायची परवानगी मिळाली. ती गेली तेव्हा तिचा आवाज मी ऐकला. आधी गुणगुण, मग एका दमात वर चढत गेलेला सूर. मत्सर वाटावा असंच होतं, पण मला तो वाटला नाही. तिचे चारही दट्टे एकमेकांचे धक्के जिरवत होते, ते दुरूनही कळत होतं. कारखान्यातल्या त्या बाईनं हिच्यासाठी नुसती मान हलवली नसती, पुढच्या गाडीकडे वळायलाच विसरली असती.

दातवाले परत आले ते वीस वर्षांनी लहान होऊन. हेल्मेट काढलं तेव्हा केस विस्कटलेले, आणि हसू लपता लपत नव्हतं. तसं हसू त्यांनी कुणाच्या फोटोत पाहिलं असतं तर त्याबरहुकूम दात बसवले असते. घरी पोचल्यावर मात्र त्यांनी तोंड गंभीर केलं आणि वहिनींना सांगितलं, "हातासाठी घ्यावीच लागेल. आरशातलं चित्रसुद्धा हलत नाही, इतकी गुळगुळीत चालते."

शेजाऱ्यापाजाऱ्यांनी चेष्टा केली. या वयात वाकून बसायची हौस म्हणजे कमाल आहे, पाठ राहिली वाकलेली तर कवळीसारखी पाठही बनवून घ्या, असं कायकाय बोलले. दातवाले प्रत्येकाला डॉक्टरांचा दाखला देत राहिले. आवडली म्हणून घेतोय, एवढं वाक्य त्यांच्या तोंडून निघालं नाही. माणसांचं हे मला कधीच उलगडलं नाही. नवी गाडी हवी असते, तर हवी म्हणावं. जुनीत खोट काढल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नाही.

मला विकायचं ठरलं तेव्हा मास्तरीण आली. बाहेर कुणाला देऊ नको दादा, मला दे, म्हणाली. दातवाल्यांनी तिला बजावलं की ही थरथरते, हात जपून ठेव. "माझे हात दिवसभर पाण्यात असतात. थोडे थरथरले तर तेवढीच ऊब," असं म्हणून तिनं किल्ली घेतली. वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्या मागच्या सीटवरची धूळ पदरानं पुसली आणि आत गेल्या.

तलावावरचं आयुष्य वेगळं. क्लोरिनचा वास, शिट्ट्यांचा आवाज, आणि ओल्या पावलांनी येणाऱ्या मास्तरीणबाई. ती मला धुते कमी, चालवते जास्त. तिचे दोन्ही हात आजतागायत खडखडीत आहेत, हे इथे नोंदवून ठेवते.

काही महिने गेले. एका दुपारी शेडमध्ये तो वर चढणारा सूर ऐकू आला आणि दातवाले नव्या गाडीवरून उतरले. तिला त्यांनी माझ्या शेजारीच लावली. दोन गाड्या शेजारी उभ्या असल्या की थोडंफार बोलणं होतंच. स्वभावानं ती सरळ निघाली. म्हणाली, हे हल्ली माझ्यावर बसले की हात झटकतात, माझ्या हँडलला नावं ठेवतात. मी तिला म्हटलं, तर आता तुझी पाळी आली म्हणायची.

दातवाले येरझाऱ्या घालत होते. मास्तरीण टॉवेलनं केस पुसत बाहेर आली तसे ते आडवळणाची चार वाक्यं बोलले, आणि मग मुद्द्यावर आले. "तू ती घे," ते म्हणाले. "मला माझी परत दे."

खरं सांगते, माझ्या टाकीतल्या पेट्रोलला उकळी फुटल्यासारखं झालं. परत दे! पण मास्तरीण हलली नाही. तिनं विचारलं, "का?"

"ती वाकवते. सगळा भार मनगटावर येतो. हाताला मुंग्या येतात."

"आणि हिच्यावर येत होत्या, त्या?"

"त्या थरथरीच्या."

"दोन्ही हातांना यायच्या?"

"उजव्याच."

"दादा, थरथर काय फक्त उजव्या मुठीत होती?"

इतके दिवस मला पडलेला प्रश्न शेवटी कुणीतरी विचारला.  मास्तरीण त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. नव्या पोहणाऱ्यांना ती पहिल्या दिवशी सांगते तसं तिनं त्यांना सांगितलं, हात पुढे कर, तळवे खाली, बोटं जोड. बोटांत फट राहिली की पाणी निसटतं, म्हणून दिवसभर तिचं लक्ष लोकांच्या बोटांवरच असतं. दातवाल्यांनी दोन्ही हात पुढे केले. डाव्या हाताची बोटं जुळली. उजव्या हाताची करंगळी बाजूला राहिली.

"करंगळी जोड."

"जोडली की."

"नाही जोडली, दादा. खाली बघ."

त्यांनी पाहिलं. पुन्हा जोर लावला. कपाळाची शीर उठली, पण करंगळी होती तिथेच. ते दुसऱ्या कुणाचं तरी बोट असावं तसे ते तिच्याकडे बघत राहिले. मग डाव्या हातानं तिला आत दाबली. सोडली, तशी ती परत बाहेर गेली.

ते माझ्या सीटवर बसले.  मग ते बहिणीला म्हणाले, "गाडीमुळे असतं तर बरं झालं असतं. गाडी बदलता येते. टेबल सुटलं तर मी काय करू? मला दुसरं काहीच येत नाही."

त्यांचा आवाज कापत होता, आणि माझं इंजिन बंद होतं. त्या क्षणी माझा सगळा राग गेला. त्यांनी मला दोष दिला होता तो हौसेनं नव्हे, भीतीनं दिला होता, हे मला तेव्हा कळलं. मनातल्या मनात मी म्हटलं, ठेवा हवं तर दोष माझ्यावरच, मला पेलतं. पण मला पेललं तरी त्यांच्या हाताला त्याचा काय उपयोग?

मास्तरिणीनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. रडायला वेळ नाही, ऊठ, म्हणाली. गाड्यांची अदलाबदल केली नाही. त्यांची किल्ली स्वतःच्या खिशात टाकली, त्यांना माझ्या मागच्या सीटवर बसवलं आणि तडक डॉक्टरकडे नेलं. या वेळी आत जाताना तिनं दारातच बजावलं की बैठं काम आहे असं म्हणालास तर मी आत येऊन टेबलाची नक्कल करून दाखवीन.

परतताना ते तिच्या खांद्यावरून सगळं सांगत होते. शीर कोपरात दबली होती. वर्षानुवर्षं काठावर रोवलेलं कोपर, त्यात हातातल्या यंत्राची दिवसभराची थरथर. म्हणजे खटल्यातली थरथर खरी होती, फक्त ती माझी नव्हती. डॉक्टर म्हणाले, उशीर केलात, पण हात गेला असं म्हणायची वेळ अजून आलेली नाही. शस्त्रक्रिया करावी लागेल. जोर किती परत येईल ते आत्ताच सांगता येणार नाही.

शस्त्रक्रिया झाली. हात गळ्यात आला. सध्या माझं काम म्हणजे दातवाल्यांना बोटांच्या व्यायामासाठी तलावावर आणायचं आणि परत घरी सोडायचं. मागे बसणारा माणूस म्हणून ते अत्यंत वाईट आहेत. वळणावर उलटीकडे झुकतात, पुढे बस दिसली की नसलेला ब्रेक पायानं दाबतात, आणि मास्तरिणीला गिअर कधी टाकायचा ते सांगतात. मास्तरीण ऐकून न ऐकल्यासारखं करते. चार सिलिंडरची त्यांच्या दारात कापड पांघरून उभी आहे. तिला विकायचं नाही असं दातवाल्यांनी सांगितलंय. हात बरा झाला तर तीच चालवीन म्हणतात. मला परत नेणार नाहीत. नेऊ नये असंच मलाही वाटतं. इथे मी रमले आहे.

कार्यशाळेत आता घासायचं काम दुसरा कारागीर करतो. दातवाले फोटो समोर ठेवून डाव्या हातानं कच्च्या कवळीच्या मेणात दात बसवायला शिकतायत. हळू होतं, पण होतं. उजव्या हातात किती जोर येणार, ते अजून कुणालाच ठाऊक नाही.

काल आम्ही त्यांना सोडायला गेलो तेव्हा वहिनी फाटकापाशी होत्या. मास्तरिणीनं मला तोलून धरलं आणि दातवाले खाली उतरले. आत जाता जाता थांबले. कापड पांघरलेल्या गाडीकडे बघून वहिनींना म्हणाले, "ती मला आवडली म्हणून घेतली होती. हातासाठी नव्हती."

"ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे," वहिनी म्हणाल्या. "मग तसं सांगायचं होतं. मी काय नको म्हटलं असतं?"

"नको म्हटलं नसतंस," दातवाले म्हणाले. "मग हाताचं काय, असं विचारलं असतंस."

 वहिनींनी पुढे होऊन त्यांच्या गळ्यातली पट्टी सरळ केली आणि पुन्हा एकदा सरळ केली, तरी हात काढला नाही. मास्तरिणीनं माझं इंजिन सुरू करायचं थांबवलं आणि आम्ही दोघी दुसरीकडे बघत उभ्या राहिलो.

माझी कहाणी एवढीच. ऐकणाऱ्यांपैकी कुणाच्या दारात माझ्यासारखी एखादी असेल, तर तिच्या वतीनं एक मागणं मागते. दुसरी आवडली तर खुशाल आणा. आम्हाला विका, कुणाला द्या, शेडमध्ये उभ्या करा, आमची हरकत नाही. फक्त जाताना आमच्यात खोट काढू नका. दुसरी आवडली, एवढंच म्हणा. आणि दुखत असेल तर कुठे दुखतंय ते घरच्या माणसाला सांगा.